तारेतली युद्धबंदी

पैज लावतो, यावर तुमच्यापैकी एकजणही विश्वास ठेवणार नाही.

नका ठेवू. मी, हेब्बाळचा विश्वेश्वर, आजवर हजार थापा मारल्यात. तळ्यातल्या मगरीची शेपटी धरून पलीकडे गेलो, तेही मीच सांगत आलोय. पण ही गोष्ट खरी आहे. माझी नात मनस्विनी मोबाइलवर उतरवून घेते आहे. "अज्जा, तुम्ही बोलाल तस्संच टाकणार, एक अक्षर बदलणार नाही," म्हणाली. आणि वहिनी, म्हणजे कृष्णाबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको, पलीकडे पंख्याखाली अवरेकाईच्या शेंगा सोलत बसल्यात. ऐकू येत नसल्यासारख्या.

तारीख सोळा डिसेंबर. गेल्याच महिन्यातली. वेळ दुपारी साडेतीन.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. म्हणूनच जास्त भीती वाटली.

आधी भावाचं सांगतो. उपेंद्रअण्णा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईवर गेला. चौदा डिसेंबरला घरी तार आली, हिंदीत. आमच्या घरात बोलणं मराठी, पण सगळे कन्नड लिपी वाचणारे. हिंदीची परीक्षा पास झालेला मी एकटाच, सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला विद्वान. 'उपेंद्र संपर्क में नहीं. युद्धबंदी होने की संभावना.' मी अंगणात उभा राहून मोठ्यानं मराठी केलं. अण्णाशी संपर्क तुटलाय, पण युद्धबंदी होण्याची शक्यता आहे.

लढाई थांबणार! आईनं देवापुढे साखर ठेवली, गल्लीत वाटली. आणि दोन दिवसांत लढाई थांबलीसुद्धा.

अण्णा मात्र आला नाही.

पुढे नुसते शब्द येत राहिले. आधी 'बेपत्ता'. मग 'बेपत्ता, मृत समजण्यात यावे'. पलीकडचे म्हणाले, आमच्याकडे एकही कैदी उरलेला नाही. इकडचे म्हणाले, प्रश्न योग्य पातळीवर मांडला आहे. सरकारं बदलली, पातळी तीच राहिली. दर निवडणुकीला कोणीतरी भाषणात अण्णाला परत आणायचा. निकाल लागला, की अण्णा पुन्हा विचाराधीन.

चोपन्न वर्षं.

वहिनींच्या गळ्यातली काळी पोत अजून तशीच आहे.

आता परवा सव्वीस जानेवारीला एका संस्थेतर्फे वहिनींचा सत्कार आहे. शाल, नारळ, भाषणं. त्याआधी कागदावर एक सही हवी. 'वीरपत्नी. पती शहीद.' कागद वहिनींच्या शेजारीच पडलाय. उद्या सकाळी माणूस न्यायला येईल. दरवर्षी येतो. दरवर्षी वहिनी एकच म्हणतात, "स्वल्प थांबा म्हणावं त्यांना."

मी थकलोय हो आता. त्यांनी सही करावी, अण्णासाठी उघडं ठेवलेलं पुढचं दार लावून घ्यावं आणि एक रात्र तरी सरळ झोपावं. म्हणून आज तोंड उघडलं.

तर त्या दुपारी वीज गेली होती. वहिनी देवळात. घरात मी एकटा.

आमच्या घराला माडीवर एकच खोली. अण्णाची. तिला कुलूप, आणि किल्ली वहिनींच्या कमरेला.

आणि...

वर पावलं वाजली.

एक. दोन. तीन. चार. पाच.

थांबली... वळली...

पुन्हा पाच.

आता बघा, वरची खोली चांगली बारा पावलांची आहे. मग पाचावर कोण वळतं?

ज्याला पाचच पावलांची सवय लागली आहे, तो.

मी जिना चढलो.

कुलूप जसंच्या तसं. दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी बाहेर आली होती. आतली पावलं दारापर्यंत येत होती. त्या पट्टीवर पायांची सावली पडायला हवी होती...

पडत नव्हती.

"यारदु?" मी विचारलं. "कोण आहे?"

पावलं थांबली.

आणि अण्णा बोलला. तोच आवाज, पंचविशीतला.

"विशू, तिला सांग, सही कर. मी पहिल्याच दिवशी गेलो. माझे काही हाल झाले नाहीत. मला कोणी पकडलंच नाही, मी युद्धबंदी नव्हतोच कधी. तिनं आता..."

इथे पंख्याखाली शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"विशू," वहिनी म्हणाल्या. "पाच पावलं खरी आहेत."



"पाचच. मग वळतो. रोज दुपारी. मी कधी कोणाला बोलले नाही."

मनस्विनीनं माझ्याकडे बघितलं.

ती पावलं तर मी रचली होती. आत्ता. इथे बसून. पाच हा आकडासुद्धा.

मनस्विनी, हे नको लिहूस. पुसून टाक.

ती लिहीतच होती.

"पण पुढची थाप आहे," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता. "तो बोलत नाही. चोपन्न वर्षांत एक शब्द बोलला नाही."

"वहिनी, अहो, मी तुमच्यासाठीच..."

"काय म्हणाला म्हणे? कोणी पकडलं नाही, मी युद्धबंदी नव्हतो?" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "या घरात युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं. तूच वाचून दाखवलंस. आम्ही साखर वाटली. बाकीच्यांनी अर्ज केले, आमचा माणूस कैदेत आहे, यादीत शोधा म्हणून. आपण लढाई थांबली म्हणून वाट बघत बसलो. कैद्यांच्या यादीसाठी त्याचं नाव वेळेत कोणी दिलंच नाही."

सहीचा कागद त्यांनी उचलला आणि सालांच्या ढिगाखाली सारला.

"आणि आज तुझ्या तोंडून निघालं, की माणूसही युद्धबंदी असतो. म्हणजे कैदी. तारेतल्या हिंदीत तेच लिहिलं होतं ना?"

वर काहीतरी वाजलं... की माझा भास, देव जाणे.

"हे तुला कधीपासून ठाऊक आहे, विशू?"