दिवसभर बहात्तर

ताईचा फोन आला तेव्हा वैद्यबाई ऑफिसच्या जिन्यात उभी राहून चहा पीत होती.

"अगं, मला घरी पाठवलंय," ताई म्हणाली. आवाज कोरडा होता. "म्हणतात, घंटा मी बंद केली. बसवाले काका माझ्यामुळे गेले."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. मशीनमध्ये माझं नाव निघालंय म्हणे."

वैद्यबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. ज्या कंपनीत ती कामाला होती, ती कंपनी रुग्णालयांमधली कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायची. कुठे काही बिघडलं की त्या यंत्राचा तपासणी-रिपोर्ट काढला जाई. म्हणजे त्या घडीला यंत्राच्या पोटात जे जे होतं, त्याची शेकडो फायलींची एक मोट. ती मोट वैद्यबाईकडे यायची. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायची जी काळी खिडकी असते, तिच्यात ती एक ओळ टाइप करी, आणि एक छोटंसं साधन, म्हणजे एक प्रोग्रॅम, ती सगळी मोट उपसून पानभर सार तिच्यापुढे मांडी. मेमरी किती, डिस्क किती भरली, कोण आत आलं, कोणी काय केलं. ते वाचून ती दुखणं सांगायची.

पण यंत्राला हात लावायचा अधिकार तिला नव्हता. तिच्यापर्यंत सगळं पोचायचं ते होऊन गेल्यावर. "आपलं काम म्हणजे वरातीमागून घोडं," असं ती हसत म्हणायची. त्या सकाळी तिला हसू आलं नाही.

बसवाले काका कोण, हे तिला ठाऊक होतं. ताई घरी आली की त्यांचेच किस्से सांगायची. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. हृदयाच्या दुखण्याने दाखल झालेला, आणि चांगला सुधारत असलेला. सुई टोचायला ताई गेली की म्हणायचा, "सिस्टर, ब्रेक हळू दाबा, मागे उभे असलेले प्रवासी पडतील."

काल दुपारी त्यांचं हृदय थांबलं. नाडी बिघडली की वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर जी घंटा वाजते, ती वाजलीच नाही.

*

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. काम तिला सरांनीच शिकवलेलं. नोकरीला लागली तेव्हा तिला काळ्या खिडकीची भीती वाटायची. शेजारी बसून, न चिडता, त्यांनी ती घालवली होती.

"हृदयविकार वॉर्डचं प्रकरण आलंय," सर म्हणाले. "तुझी बहीण आहे त्यात, कळलं मला. वाईट वाटलं."

"सर, मग हे दुसऱ्या कोणाला..."

"नाही. तूच बघ. परक्याने बघितलं तर तुझ्या मनात कायम शंका राहील. आणि तू सही केलीस तर रुग्णालयही शंका घेणार नाही."

"रिपोर्ट कोणी काढला?"

"तिथल्याच लोकांनी. काल संध्याकाळी पाठवलाय. मी इथेच मीटिंगमध्ये अडकलो होतो, उघडूनही बघितला नाही. उद्या सकाळी अधीक्षकांपुढे ठेवायचाय."

ती जागेवर आली. ओळ टाइप केली.

यंत्राचं नाव: हृदयविकार वॉर्ड. मेमरी ठीक. डिस्क निम्मी रिकामी. यंत्र मध्ये कुठे बंद पडलेलं नाही. प्रकृती ठणठणीत. एकच गोष्ट जराशी खटकली. डिस्क भरत आली तर कंपनीला सूचना जावी, अशी सोय असते. ती बंद केलेली होती, तीही काही महिन्यांपूर्वी, कंपनीच्याच देखभाल-खात्यातून, म्हणजे यंत्र सांभाळणाऱ्यांच्या लॉगिनमधून. पण डिस्क निम्मी रिकामी असताना त्या सूचनेचं काय घेऊन बसायचं? ती पुढे सरकली.

आणि मग ती ओळ आली. काल सकाळी घंटा बंद केली. करणारी व्यक्ती: ताई. घंटा पुन्हा चालू केल्याची नोंद कुठेच नव्हती.

तिने साधन पुन्हा चालवलं, आणि मग आणखी एकदा. ओळ जिथल्या तिथे होती. ताईने तिला चालायला शिकवलं होतं, शाळेत सोडलं होतं, आईच्या माघारी तिच्या वेण्या घातल्या होत्या. आणि आता त्या ताईच्या विरोधात तिने सही करायची होती.

*

ताई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. गॅसवर काही नव्हतं.

"ताई, मी विचारते त्याची नीट उत्तरं दे. घंटेला हात लावलास?"

"नाही."

"आठवून सांग."

"काय आठवायचं? वॉर्डातली घंटा मी कधी बंद करत नाही. झोपेत सांगितलं तरी करणार नाही."

"काल दिवसभर काय काय केलंस?"

"सकाळी आधी खाली गेले. मेट्रनबाईंनी नव्या मुलींचा वर्ग घ्यायला सांगितलं होतं. तो आटोपून वर आले. औषधं दिली. मग मनगटपट्ट्या छापल्या. टेबलाशी घंटेचा जो कॉम्प्युटर आहे, त्यालाच तो प्रिंटर जोडलाय ना, नेहमीसारखा कागद अडकला, त्यात वेळ गेला."

"काकांकडे गेलीस?"

"दोनदा गेले त्यांच्या खाटेजवळून. झोपले होते. त्यांना झोप लागत नाही म्हणून उठवलं नाही." ताईने डोळे पुसले. "पण पडद्यावर बघत होते गं मी. सारखी बघत होते. नाडी बहात्तर. सकाळपासून बहात्तर, जेवायला गेले तेव्हा बहात्तर, आले तेव्हा बहात्तर. मला वाटलं, काय सुरेख चाललंय यांचं."

वैद्यबाईने मान वर केली.

"दिवसभर बहात्तर? एकाहत्तर नाही, त्र्याहत्तर नाही?"

"नाही. बहात्तरच."

"ताई, जिवंत माणसाची नाडी एका आकड्यावर बसते का कधी?"

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तो पडदा गोठला होता," वैद्यबाई हळूच म्हणाली. ते बोलताना तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

*

पडदा गोठतो कशाने? नवी नोंद लिहायला डिस्कवर जागा उरली नाही की. नोंद लिहिता येत नाही, म्हणून पुढचा आकडा येत नाही. शेवटचा आकडा तेवढा पडद्यावर चिकटून राहतो. नवा आकडाच नाही, तर घंटा कशाला वाजेल? हा आजार तिने दुसऱ्या रुग्णालयांत पाहिला होता.

पण रिपोर्टातली डिस्क तर निम्मी रिकामी होती. ताई खरी की रिपोर्ट खरा?

तिने तिथेच, ताईच्या स्वयंपाकघरात, लॅपटॉप उघडला. एरवी ती साधनाला नेहमीचेच भाग विचारायची. या वेळी सगळं विचारलं. यंत्राला काय काय जोडलंय, यंत्राचा कारखान्यातला क्रमांक कोणता, कुठली फाइल कधी बदलली.

पडदा सरसर खाली धावला. ती वाचत गेली आणि मग थांबली. एवढंच म्हणाली, "ताई, चप्पल घाल. मेट्रनबाईंना भेटायचंय."

*

ताई बाहेरच्या बाकावर बसली. तिला आत जायचा धीर झाला नाही. मेट्रनबाई जुन्या वळणाच्या होत्या, पण प्रेमळ.

"मला तिच्याबद्दल वाईट वाटतं गं," त्या म्हणाल्या. "पण मशीन कशाला खोटं बोलेल?"

"मेट्रनबाई, खाली नव्या मुलींचा वर्ग होतो, तिथे काय शिकवतात?"

"घंटेचा कॉम्प्युटर. वॉर्डात आहे तस्साच एक तिथे ठेवलाय. एक खोटा रुग्ण जोडलेला असतो."

"तिथे प्रिंटर आहे?"

"तिथे कशाला लागतोय प्रिंटर?"

"आणि आमच्या कंपनीतलं काल इथे कोणी आलं होतं?"

मेट्रनबाईंचा चेहरा उजळला. "तुमचे साहेब! देवमाणूस. संध्याकाळी स्वतः धावत आले. काकांच्या मुलाला धीर दिला, त्याला पाणी आणून दिलं. रात्रीपर्यंत खालीच काम करत बसले होते बिचारे."

वैद्यबाईने वॉर्डात जाऊन टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या मागे चिकटवलेल्या, कारखान्याचा क्रमांक असलेल्या चिठ्ठीचा फोटो काढला. खाली जाऊन दुसऱ्याचाही काढला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अधीक्षकांच्या खोलीत सगळे जमले. टेबलामागे अधीक्षक डॉक्टर, बाजूला मेट्रनबाई, समोर सर. ताई दाराजवळच्या खुर्चीवर, अंग चोरून.

"तुमचा निष्कर्ष?" अधीक्षकांनी विचारलं.

"रिपोर्ट खरा आहे," वैद्यबाई म्हणाली. सरांनी समजुतीने मान हलवली. "फक्त तो वॉर्डातल्या यंत्राचा नाही."

"म्हणजे?"

"वॉर्डातल्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलेला आहे. या रिपोर्टात जोडलेल्या वस्तूंमध्ये प्रिंटर नाही. हा कारखान्याचा क्रमांक बघा, आणि हे दोन फोटो. हा क्रमांक खालच्या वर्गातल्या कॉम्प्युटरचा आहे."

"पण त्यावर तर वॉर्डचं नाव आहे."

"नाव बदलता येतं, डॉक्टर. हे परवा संध्याकाळी बदललंय, रिपोर्ट काढायच्या जरा आधी. त्या वेळी काका जाऊन काही तास झाले होते."

"आणि घंटा बंद केल्याची नोंद?"

"मेट्रनबाई, वर्गात मुलींना काय करून दाखवतात?"

मेट्रनबाईंचा हात तोंडावर गेला. "घंटा कशी बंद होते ते. आणि ती का बंद करू नये ते."

"ताईने तेच दाखवलं. वर्गात, खोट्या रुग्णावर. त्या कॉम्प्युटरवर तिचं नाव उमटलं, आणि कोणाला तरी ते आयतं सापडलं."

अधीक्षकांनी चष्मा काढला. "कोणाला?"

"नाव बदललं ते आमच्या कंपनीच्या देखभाल-खात्यातून. लांबून नाही, त्या कॉम्प्युटरच्याच कीबोर्डवरून. म्हणजे माणूस त्या खोलीत बसला होता." ती सरांकडे वळली. "सर, परवा संध्याकाळी तुम्ही ऑफिसात मीटिंगला होतात ना?"

मेट्रनबाईंनी सरांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"डिस्क भरत आल्याची सूचना बंद केलेली आहे, तीही त्याच खात्यातून. वॉर्डात ती तुम्ही परवा पुन्हा चालू केली असणार. वर्गातल्या यंत्रावर करायची राहिली. ती सगळ्याच यंत्रांवर बंद केली होतीत ना? वॉर्डातली डिस्क भरत गेली, कोणाला कळलं नाही, आणि परवा सकाळी पडदा गोठला."

"दिवसाला शेकडो सूचना यायच्या," सर अखेर म्हणाले. आवाज तोच, शिकवतानाचा, शांत. "सगळ्या फुसक्या. खरं कुठलं, खोटं कुठलं, कळेनासं झालं होतं. आठवडाभरासाठी बंद केल्या होत्या. मग राहून गेलं."

"आणि ताई?"

"तिची नोकरी जाईल, एवढंच वाटलं होतं मला. दुसरीकडे लागली असती. माझ्यामागे अख्खं ऑफिस आहे गं."

"मला का दिलंत हे वाचायला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "बहिणीनेच बहिणीला दोषी ठरवलं तर मग पुन्हा कोण तपासणार?"

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. वैद्यबाईला राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा.

"वॉर्डातली जुनी डिस्क कुठे आहे?" अधीक्षकांनी विचारलं.

"बदलली. जुनी मोडून टाकली."

म्हणजे परवा त्या पडद्यावर काय होतं, याचा आता कुठेच पुरावा उरला नव्हता. रिपोर्टाची लबाडी आणि सूचना बंद केल्याची कबुली, एवढंच हाती होतं. काकांच्या शेवटच्या दुपारची नाडी कोणालाच कधी वाचता येणार नव्हती.

अधीक्षकांनी पोलिसांना फोन लावला. मग उठून ताईसमोर जाऊन उभे राहिले. "सिस्टर, आमची चूक झाली. तुम्ही आजपासून कामावर या." ताईने मान हलवली. ती हो होती की नाही, कोणालाच कळलं नाही.

*

ताई कामावर गेली. पण तिला पडद्याकडे बघवेना. ती खाटेखाटेशी जाऊन मनगट धरायची, डोळे मिटून नाडी मोजायची. एक फेरी संपली की लगेच दुसरी. झोपलेले रुग्ण दचकून उठायचे, तक्रारी करायचे. शेवटी तिने स्वतःच बाह्यरुग्ण विभागात बदली मागून घेतली.

बदलीचा कागद मिळाला त्या दिवशी ती वैद्यबाईकडे आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू?"

"विचार ना."

"मी दोनदा गेले त्यांच्या खाटेजवळून. पडदा ठीक दिसला म्हणून गेले तशीच. एकदा जरी थांबून हात लावला असता..." ती थांबली. "दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते होते का गं? हे कुठून वाचता येईल का तुला?"

"नाही, ताई," वैद्यबाई म्हणाली.

ताईने मान हलवली. जणू तिला हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं, आणि तरी विचारल्यावाचून राहवलं नव्हतं. वैद्यबाई उठली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. बाहेर अंधारून आलं, तरी दोघींपैकी कोणी दिवा लावायला उठलं नाही.