डाव पुरा करूनच उठायचं

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाच्या मित्राच्या मावसभावाची नाही, माझ्या सख्ख्या वडिलांची. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. माझं काही अडलेलं नाही.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भुतं रात्रीच येतात हे कुणी सांगितलं तुम्हाला?

जानेवारीतली सकाळ होती. मंगळवार. सगळं बुडापेस्ट गोठलेलं.

माझं नाव एनिको. पर्यटकांना गाव दाखवणं हा माझा धंदा. किल्ला दाखवते, पूल दाखवते, संसदेची इमारत दाखवते. लोक माना डोलावतात आणि शेवटी विचारतात, "ते पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे आजोबा कुठे आहेत?"

मग मी त्यांना बागेतल्या गरम पाण्याच्या कुंडावर आणते.

पिवळ्या भिंती, वर उघडं आभाळ, आणि मधे छातीभर गरम पाणी. थंडीत तर इतकी वाफ असते की हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. दिसते फक्त त्याची लोकरीची टोपी. काठाच्या दगडावर पट मांडलेले असतात. म्हातारे पाण्यातल्या पायरीवर बसून खेळतात आणि बाकीचे भोवती उभं राहून जीभ चालवतात.

त्यातले एक माझे बाबा. काझमेर. ट्रामचालक म्हणून निवृत्त झालेले. जिभेला हाड नाही. समोरच्यानं हार मानून राजा आडवा केला की म्हणायचे, "हळू ठेव रे, लागेल त्याला!"

त्यांच्यासमोर कायम वेंडेल काका. भूगोलाचे मास्तर होते. गरीब माणूस. डोक्यावर बायकोनं विणलेली लाल टोपी. एकेका खेळीला इतका वेळ लावायचे की लोक मधे पोहून यायचे.

त्या दिवशी मी माझी मंडळी घेऊन काठावर पोचले, तेव्हा वेंडेल काकांनी पटावरून उजवा हात पुढे केला होता. आमच्याकडे बरोबरी मागायची ती अशी. समोरच्यानं हात हातात घेतला की डाव मिटला.

"काझमेर, बरोबरी. घरी जातो. छातीत कसंसं होतंय."

"हरायची वेळ आली की बरी तुझी छाती दुखते!" बाबा म्हणाले. "हात आत घे. डाव पुरा करूनच उठायचं. मेलास तरी चालेल!"

सगळे हसले.

लोरांत काका, पूर्वीचे खाटीक, पोट धरून म्हणाले, "मेल्यावर निदान लवकर तरी खेळेल!"

माझ्या मंडळींनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तेही हसले.

वेंडेल काकांनी पुन्हा पटाकडे बघितलं. त्यांचा हात हळूच पाण्यात गेला. बाबांना त्यांची दया आली नाही. त्या कुंडावर कुणालाच कुणाची येत नाही, तिथली रीतच तशी.

मंडळी पाण्यात उतरली. मी बाहेर जाऊन गरम लांगोश खाल्ला, म्हणजे तळलेली जाड पोळी, लसूण आणि आंबट साय घालून. बऱ्याच वेळानं परत आले. डाव चालूच होता.

वेंडेल काका कोपऱ्यात तसेच. डाव्या मुठीवर हनुवटी टेकलेली. नजर पटावर.

"अजून विचारच करताहेत?" मी विचारलं.

"बघ्याचं नाव गप्प!" लोरांत काका माझ्यावर ओरडले. कुंडावरची जुनी म्हण आहे. बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

दाट वाफेचा एक लोट पटावर आला...

टक्.

वाफ सरली तेव्हा बाबांचा वजीर पटावर नव्हता. त्या जागी वेंडेल काकांचा हत्ती उभा होता.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ती खेळी बघितलीच नव्हती. आता लोक त्यांना हसायला लागले. बाबांनी दात खाऊन आपली खेळी केली. "हं. चल आता."

वेंडेल काका हलले नाहीत.

"चल की रे! की झोपलास?"

लाल टोपी घसरली आणि पाण्यात पडली.

काकांनी ती उचलली नाही...

लोरांत काकांनी त्यांच्या खांद्यात बोट खुपसलं. खांदा कलला. त्याबरोबर सगळं अंग कललं, ठेवलेलं गाठोडं कलावं तसं.

कुणीतरी किंचाळलं. त्यांना ओढून काठावर घेतलं. डॉक्टर आला, त्यानं बोटं वाकवून बघितली. "हे आत्ताचं नाही. केव्हाच गेलेत."

"अंग गरम आहे की त्यांचं!" मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पाणी गरम आहे, बाई."

"वेडा आहेस का?" बाबा त्याच्या अंगावर गेले. "आत्ता माझा वजीर मारला त्यानं!"

डॉक्टरला वाटलं, म्हातारा प्यायलाय.

पण मी बघत होते. डावी मूठ हनुवटीखाली ताठली होती. उजवा हात, इतका वेळ पाण्याखाली होता तो, पुढे केलेला, तोही ताठ. बरोबरी मागताना होता तसाच.

दोन्ही हात अडकलेले होते.

मग हत्ती कुणी हलवला?

दफनाच्या दिवशी पिरोश्का काकूंनी, म्हणजे वेंडेल काकांच्या बायकोनं, ती लाल टोपी स्वतः त्यांच्या डोक्यावर घातली. तशीच पुरली. मग बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी, घरीच यायला निघाले होते ना ते? नुसता हात द्यायचा होता तुम्ही."

कुणाही माणसानं मान खाली घातली असती. आमचे बाबा म्हणाले, "वजीर गेला तरी डाव माझाच होता, वहिनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र हसल्या. अगदी थोडंसं.

"मग पुरा करा," त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात बाबा पुन्हा कुंडावर जायला लागले. मोहरे जसेच्या तसे मांडायचे, एकटे. समोरची पायरी रिकामी. तिथे कुणी बसायला तयार नव्हतं.

पहिल्या दिवशी घरी आले ते पांढरेफटक.

"त्यानं घोडा काढला," म्हणाले.

"कुणी?"

ते ताटावर जाऊन बसले.

मी बटाट्याचा रस्सा वाढला, भरपूर लाल पाप्रिका घालून, त्यांना आवडतो तसा. चमचा धरला तेव्हा त्यांची बोटं दिसली. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी, पांढरी, सुरकुतलेली. सकाळी उठले तरी तशीच. मी भांडून त्यांना चार दिवस घरात कोंडलं.

बोटं तशीच राहिली...

आणि रात्री स्वयंपाकघरातून आवाज यायचा. टक्. जाऊन बघावं तर काही नाही. फक्त टेबलावर पाणी. कोमट.

"बाबा, आता पुरे," मी म्हणाले. "मरायचंय का तुम्हाला?"

"माझी खेळी आहे," ते म्हणाले. पाचव्या दिवशी पुन्हा गेले.

त्याच आठवड्यात मी काही इटालियन मंडळी घेऊन तिथे होते. त्यातल्या एका बाईनं मला विचारलं, "त्या दोन आजोबांचा फोटो काढू का?"

"दोन?"

बाबा एकटे बसले होते. समोर नुसती वाफ.

"हो, तो लाल टोपीवाला... किती गोड हसतोय!"

मी तिचा कॅमेरा खाली करायला लावला. वेंडेल काका डाव मांडल्यावर कधी हसायचे नाहीत.

त्या दिवशी घरी बाबा रडले. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. आई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते.

"हरवत नाही गं तो मला," म्हणाले. "हरवलं तर सुटेन ना. एकेक मोहरा खातोय. मांजर उंदराला खेळवतं तसं. उठायला गेलो की पाय उचलत नाहीत. वाफ सरेपर्यंत बसवून ठेवतो."

"मग तुम्हीच राजा आडवा करा! हार माना!"

"करून बघितलं. पुन्हा उभा करतो..."

रात्रभर आम्ही दोघं जागे होतो. पहाटे ते म्हणाले, "आज हात पुढे करतो. बरोबरी मागतो, माफी मागतो. वेंडेल चांगला माणूस होता, एनिको. तो हात घेईल."

मलाही तसंच वाटलं. चांगला माणूस होता ना तो.

ट्रामनं दोघं मिळून गेलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. कुंडावर इतकी वाफ मी जन्मात बघितली नव्हती. बाबा पाण्यात उतरले. मी काठावर, त्यांच्या पाठीशी. नेहमीचे म्हातारे भोवती जमलेच. त्यांना काय, फुकटचा तमाशा.

बाबांनी उजवा हात पुढे केला.

"वेंडेल, चुकलो रे. बरोबरी. जाऊ दे मला घरी..."

"वाफेशी बरोबरी! वाफसुद्धा घेणार नाही तुझ्याशी!" लोरांत काका खिदळले.

हात पटावर तसाच.

मी देवाचं नाव घेत होते.

वाफ दाटली. बाबा दिसेनासे झाले. हातही दिसेना...

टक्.

"बाबा? काय झालं?"

वाफेतून त्यांचा आवाज आला. अगदी बारीक.

"नाही म्हणतोय."

"का?"

"मी त्याला म्हणालो होतो ना... तेच म्हणतोय मला."

मी ओरडले, "अहो, ओढा त्यांना बाहेर! कुणीतरी धरा!"

"बघ्याचं नाव गप्प!" सगळे एका सुरात म्हणाले आणि हसले. "विचार करू दे की म्हाताऱ्याला!"

मी कोटासकट पाण्यात उडी टाकली. चाचपडत पुढे गेले. बाबांचा हात सापडला. पुढे केलेलाच होता.

गरम होता.

"गरम आहे! जिवंत आहेत!" मी हसतच ओरडले. खरंच हसले हो. त्यांना मिठी मारली, गालाला गाल लावला, गालही गरम. म्हटलं, चला बाबा, घरी जाऊ.

आणि मग डॉक्टरचं ते वाक्य आठवलं.

पाणी गरम आहे, बाई.

बाबांची बोटं मिटत नव्हती. कोपर वाकत नव्हतं. तोच डॉक्टर आला, तेच म्हणाला. आत्ताचं नाही, केव्हाच गेलेत. मी म्हणाले, अहो, आत्ता बोलले माझ्याशी! त्यानं मला ब्लँकेट पांघरलं आणि परिचारिकेला खूण केली.

लोरांत काका त्या दिवसापासून कुंडाकडे फिरकले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, सांधे दुखतात.

मी जाते. जावंच लागतं, पोटाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात काही नसतं. पण कडाक्याची थंडी पडली, वाफ दाटली की त्या कोपऱ्यातून ऐकू येतं.

टक्.

मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग बाबा. ट्रामचं दार बंद करताना ओरडणारा तो खणखणीत आवाज आता पोराएवढा झालाय.

"एनिको... सांग ना त्याला. पुरे म्हणावं."

गेल्या हिवाळ्यात मी पिरोश्का काकूंच्या दारात गेले. पाया पडले. म्हटलं, तुमचं ऐकतील ते, त्यांना सांगा, एकदा हात घ्या म्हणावं. माझ्या बाबांना सोडा.

काकूंनी मला आत घेतलं. कॉफी केली, खसखशीची पोळी कापून दिली. माझी सगळी रड शांतपणे ऐकली. त्या लाल लोकरीची नवी टोपी विणत होत्या.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"त्यांच्यासाठीच. बसायचंय ना अजून," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाला तुम्ही घरी येऊ दिलं नाहीत. आता तुमचाही येऊ नये."

मी कॉफी तशीच टाकून निघाले.

आजही सकाळी खिडकीच्या काचेवर बर्फ दिसलं की मी पडदा ओढून घेते. बाबांचा राजा अजून उभा आहे, हे मला माहीत आहे. डाव पुरा झाल्याशिवाय ते उठणार नाहीत.

आणि वेंडेल काकांना तर, सांगितलं ना मघाशी, एकेका खेळीला फार वेळ लागतो.