एका तारेवर दोन स्वर

लिफ्ट बंद होती, म्हणून हे सगळं झालं. नाहीतर ती नेहमीसारखी सरळ पाचव्या मजल्यावर गेली असती, शिष्याच्या घरची शिकवणी उरकली असती आणि परत गेली असती. पण त्या दिवशी व्हायोलिनची पेटी सांभाळत जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली. पेटी खाली ठेवून ती जरा टेकली, आणि समोरच्या बंद दारामागून व्हायोलिनं ऐकू आली.

एक नाही, पंचवीस-तीस. एवढ्याशा घरात एवढी माणसं बसली तरी कुठे असतील? चाल गोड होती, पण भातात खडा लागावा तसं काहीतरी सारखं खुपत होतं. थोडं ऐकल्यावर तिला कळलं काय ते. चूक ऐकून गप्प बसायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त. वडील चाळीस वर्षं व्हायोलिनचे मास्तर. तिने बेल वाजवली.

दार उघडलं ते गळ्यात हेडफोन अडकवलेल्या, दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेल्या एका माणसाने.

"तुमचे व्हायोलिनवाले श्वास घेत नाहीत," ती म्हणाली.

त्याने दचकून मागे पाहिलं, आत खरंच कोणाला काही झालंय की काय अशा चेहऱ्याने. "कोण?"

"आत वाजवतायत ते. गज टोकाला पोचला की उलटा फिरवावा लागतो, तिथे स्वर किंचित हलतो. तुमचे लोक नुसते ओढतच चाललेत. एवढा लांब गज जगात कोणाकडे नसतो."

"आत कोणी नाहीये," तो ओशाळून म्हणाला. "म्हणजे… आई आहे. पण ती वाजवत नाही."

खोलीत एक कॉम्प्युटर, एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या जुन्या रजया. त्याने एक पट्टी दाबली. तीस व्हायोलिनं एकदम वाजली. मालिकांना, जाहिरातींना तो घरबसल्या असं संगीत करून देत असे. तबकडीएवढ्या डब्यात सगळा ताफा.

"तीसही जण यातच राहतात?"

"हो. चहासुद्धा मागत नाहीत."

ती हसली. मग आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने पेटी उघडली. त्या तीस जणांच्या वर तिने ती चाल एकटीने वाजवली, त्याने ती रेकॉर्ड केली आणि हलकेच मिसळून दिली. दोघांनी पुन्हा ऐकलं. एका खऱ्या गजामागे ते तीसही जण जिवंत झाले होते… कोणी पुढे सरकून बसलं होतं, कोणी मान कलती केली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला. पाचव्या मजल्यावरचा शिष्य अर्धा तास वाट बघून खेळायला निघून गेला.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा ती तिसऱ्या मजल्यावरच थांबू लागली. ती त्याला 'ऑर्केस्ट्रावाले' म्हणायची, तो तिला 'मास्तरीणबाई'. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या आईला मात्र सांगता आलं असतं. ती चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली होती, की आजपासून तुमचं 'तुम्ही' संपलेलं दिसतंय, तेव्हा बिस्किटं घरच्या माणसासारखी डब्यातून घ्यायची, ताटलीत मिळणार नाहीत.

तो बोलायला कच्चा होता. बोलायचं असलं की कीबोर्डकडे वळायचा. तीच बोलायची, आणि एका दुपारी बोलता बोलता तिने मनातलं शल्यही सांगून टाकलं. मास्तरांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पाचव्या वर्षापासून ती त्यांच्यापुढे वाजवत होती. वाजवून झालं की ते डोळे मिटून म्हणायचे, "हं. उद्या परत." बक्षीस मिळालं त्या दिवशीही, "हं. उद्या परत." एकदा, फक्त एकदा त्यांनी "चांगलं वाजवलंस" म्हणावं, बाकी तिला आयुष्याकडून फार काही नको होतं.

"फार काही नको?" त्याने विचारलं.

"थोडंफार हवंय," ती म्हणाली आणि गजाला राळ लावत बसली.

काही दिवसांनी तो धीर एकवटून म्हणाला, "मला तुझे सगळे स्वर हवेत."

ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मग कळलं की त्याला अक्षरशः स्वरच हवे होते. तिच्या व्हायोलिनचा प्रत्येक स्वर सुटा सुटा रेकॉर्ड करायचा… हळू, मध्यम, जोरात. आणि प्रत्येक तीनदा, कारण माणसाच्या हातून एकच स्वर दोनदा सारखा निघत नाही. तसा निघाला की ऐकणाऱ्याला यंत्राचा वास येतो. मग ते सगळे स्वर कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे.

"मग माझी गरजच काय?"

"चाल बांधून बघायला गं. तू नसलीस की मला सुचत नाही." हे म्हणून तो इतका घाबरला, की घाईघाईने पुढचं वाक्य जोडलं. "शेवटी वाजवायचं तूच. शब्द देतो."

सहा दुपारी लागल्या. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजची घरघर नको म्हणून फ्रिजही बंद. दूध दोनदा नासलं. आई दारातून म्हणाली, "पंखा बंद केलास, फ्रिज बंद केलास, आता मलाही बंद कर आणि मोकळा हो." दोघं हसून हसून वाकले आणि तो स्वर पुन्हा घ्यावा लागला.

स्वर वाजवून झाला की तो हवेत पुरता विरेपर्यंत सहा सेकंद स्तब्ध राहायचं. हूं की चूं करायचं नाही. त्या सहा सेकंदांत बोलायची बंदी होती, बघायची नव्हती. कपाळावर घाम, हनुवटीखाली व्हायोलिन, गज हवेत थांबलेला… आणि समोर तो, बोटांवर सेकंद मोजत, मोजायचं विसरत. शेकडो स्वर, प्रत्येकामागे सहा सेकंद. त्यात काय काय सांगून झालं होतं! तोंडाने तेवढं कोणीच काही बोललं नव्हतं.

सहाव्या दुपारी शेवटचा स्वर विरल्यावर तो म्हणाला, "मला एक सांगायचंय…"

ती थांबली.

"…म्हणजे, नंतर सांगतो."

ते नंतर यायच्या आधीच मास्तर आजारी पडले. छातीत पाणी झालं, दवाखान्यात ठेवावं लागलं. तीन आठवडे ती त्यांच्या खाटेशी होती. तो रोज आईने दिलेला डबा घेऊन यायचा, फाटकाशी तिच्या हातात द्यायचा, बाबा कसे आहेत विचारायचा आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करावं हे न सुचून निघून जायचा. कामाविषयी चकार शब्द काढत नव्हता. तिला ते फार बरं वाटायचं.

एका संध्याकाळी दवाखान्याच्या खोलीतल्या टीव्हीवर त्याच्या मालिकेचा शेवटचा भाग लागला होता. ती मास्तरांना पाणी पाजत होती. पाठीमागे व्हायोलिन सुरू झालं. एकटंच. तिचा हात थांबला.

तिसरं बोट तारेवर किंचित उशिरा पडायची तिची लहानपणापासूनची खोड होती. ती तिथे होती. गज वळताना येणारा तिचा बारीक श्वाससुद्धा होता. आणि ही चाल तिने जन्मात वाजवली नव्हती.

चाल फार सुंदर होती. हळूहळू वर चढली, वर जाऊन घुटमळली, आणि शेवटी खाली, अगदी खालच्या अंगाला उतरून दोन स्वर एकमेकांना धरून बराच वेळ उभे राहिले. मग पडद्यावर नावं आली. व्हायोलिन, आणि पुढे तिचं नाव. नर्स सलाईन बदलता बदलता म्हणाली, "अहो, हे तुमचंच की."

मास्तरांनी डोळे उघडले होते. ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "चांगलं वाजवलंस."

चोवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, पाण्याचा पेला हातात असताना, दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पाकीट घरात यावं तसं आलं. खरं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण तिने पेला पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला.

"शेवटी तुझ्याबरोबर कोण होतं?" मास्तरांनी विचारलं.

औषधांची गुंगी असेल, तिला वाटलं. "कोणी नाही, बाबा. मी एकटीच होते."

"एकटी?" ते म्हणाले. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि भिंतीकडे कुशीवर वळले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तो आला होता. चारचौघांत मागे उभा होता. ती त्याच्याशी काही बोलली नाही. अशा वेळी कोण कोणाशी बोलतं, म्हणून ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी घर रिकामं झालं, तेव्हा तिने मनाशी एक ठरवलं. बाबांनी चांगलं म्हटलंय ना, मग ते आपण खरं करायचं. मोबाईलवर तो भाग पुन्हा पुन्हा लावून तिने सगळी चाल वहीत उतरवली. मास्तरांचं व्हायोलिन काढलं आणि शिकाऊ मुलीसारखी एकेक ओळ घोटायला बसली. चौथ्या दिवशी सगळी चाल हातात आली. शेवटचे दोन स्वर सोडून.

ते येईनात. बोटं बदलून पाहिली, हात वर-खाली सरकवून पाहिला. मग ती थांबली आणि हसली, आणि मग हसू गेलं. दोन्ही स्वर इतके खालचे होते, की ते फक्त सगळ्यांत जाड तारेवरच सापडतात. आणि एका तारेवर एका वेळी एकच स्वर वाजतो. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. ज्याने कधी व्हायोलिन हनुवटीखाली धरलेलं नाही आणि ज्याच्यापुढे नुसत्या पट्ट्या आहेत, त्यालाच तेवढं ते माहीत नसतं. त्याने दोन बोटांनी दोन पट्ट्या दाबल्या होत्या.

मास्तरांना गुंगी नव्हती. चाळीस वर्षांचा कान शेवटपर्यंत जागा होता. त्यांना तिथे दोन व्हायोलिनं ऐकू आली होती, म्हणून त्यांनी विचारलं होतं, कोण होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. लिफ्ट दुरुस्त झाली होती. तरी जिन्यानेच गेली. त्याच्या आईने तिला पाहून पदर डोळ्यांना लावला, डब्यातली बिस्किटं काढली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तो सांगू लागला, अडखळत. दिग्दर्शकाने घाई केली होती. ती दवाखान्यात. "विचारलं असतं तर तू बाबांना सोडून आली असतीस, नाहीतर नाही म्हणताना तुला वाईट वाटलं असतं. दोन्ही नको वाटलं. आणि नाव तुझंच दिलं ना…"

"बाबांनी ऐकलं ते," ती म्हणाली. "म्हणाले, चांगलं वाजवलंस."

त्याचा चेहरा लखकन उजळला. "म्हणाले? शेवटी म्हणाले?" आणि मग, संध्याकाळी एकेक खिडकी अंधारत जावी तसा तो विझत गेला. "पण… स्वर सगळे तुझेच होते."

"शब्दकोशात सगळेच शब्द असतात. पत्र तुम्ही लिहिलंत."

'तुम्ही' त्याला ऐकू आलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"शेवटचे दोन स्वर कशाला घातले होते?" तिने विचारलं.

या खेपेला तो कीबोर्डकडे वळला नाही. "एक तू," तो म्हणाला. "एक मी. तोंडाने जमत नव्हतं… ते सांगायचं राहिलं होतं."

सहा दुपारी ती हेच ऐकायला थांबली होती.

"ते दोन स्वर एका व्हायोलिनवर एकत्र वाजत नाहीत. एकाच तारेवरचे आहेत. दोघं लागतात." तिचा आवाज शांत होता. "बाबांना कळलं होतं. कोण होतं तुझ्याबरोबर, म्हणाले. मी सांगितलं, कोणी नाही, एकटीच होते."

"मग आता तरी…"

"बाबांशी शेवटचं बोलले त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. वाजवलं मी, आणि बरोबर कोणी नाही. पहिली खरी करायला बसले होते. तुमचे ते दोन स्वर करू देत नाहीत. दुसरी तरी खरी करते."

"मी सगळं पुसून टाकतो," तो म्हणाला. "एकूण एक स्वर. आत्ता, तुझ्यासमोर."

"नको. दूध उगाच नासलं असं होईल."

ती हसेल असं त्याला क्षणभर वाटलं. तिलाही वाटलं. मग तिने पेटी उचलली.

दार मागे लागलं. पहिल्या दिवशी ती जिथे टेकली होती तिथे, तिसऱ्या मजल्याच्या त्या कठड्याशी तिचे पाय आपोआप थांबले. आत काही वाजत नव्हतं. सवयीने ती मोजू लागली. एक… दोन… तीन… हूं की चूं करायचं नाही. चार. पाच. सहा झाल्यावर बोलायला हरकत नव्हती.

आतून कोणी बोललं नाही, बाहेरून कोणी बोललं नाही. ती जिना उतरू लागली.