पार्किंगमधली बावडी

घाबरवायची हौस नाही मला. खोटं सांगून मिळणार तरी काय? घडलं तेवढंच सांगते.

जानेवारी २०२३. शनिवार, संध्याकाळचे सहा. वर्सोव्याजवळचं आमचं गावठाण.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचं, जॅकलिनचं लग्न. आम्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांत आदल्या दिवशी बँड लावून बावडीचं पाणी आणतात. त्यानेच नवरीला आंघोळ घालतात.

पण बावडी उरलीय कुठे? बावीस वर्षांपूर्वी आमची मम्मी तिच्यात पडून गेली. जॅकलिन तेव्हा तीन वर्षांची. पुढे बावडी बुजवली. आता तिथे टॉवरचं पार्किंग आहे.

जॅकलिन हट्टालाच पेटली. "मम्मी तिथेच गेली ना? मग मला तिथलंच पाणी पायजे."

वॉचमनची मनधरणी करून बँडसकट आत शिरलो. दोन गाड्यांच्या मधे एथेल मावशीने दोरी बांधलेली रिकामी कळशी खाली सोडली. नुसती रीत म्हणून. पाणी घरच्या नळाचंच भरणार होतो.

कळशी फरशीला टेकल्याचा आवाज आलाच नाही...

बँड थांबला.

बुड... बुड... बुड...

मावशीने दोरी ओढली. कळशी काठोकाठ भरलेली. खाली फरशी ठणठणीत कोरडी.

सगळे मागे सरकले. जॅकलिन तेवढी रडता रडता हसत होती.

माझी मात्र टरकली. ज्या पाण्याने आई नेली, ते बहिणीच्या अंगावर घालू?

घरी येऊन मी गुपचूप ती कळशी मोरीत ओतली. नळाचं पाणी भरलं आणि त्यानेच तिला आंघोळ घातली.

"मला वाटलेलं, मम्मी येईल," ती एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, तरी पाणी बदलल्याचं लपवलंच.

लग्न झकास झालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मोरीच्या जाळीतून आवाज येतो. बुड... बुड... प्लंबर म्हणाला, पाइप एकदम साफ आहे.

गेल्या रविवारी जॅकलिन राहायला आली. आंघोळीला गेली. मी किचनमध्ये बोंबील साफ करत होते.

बाहेर आली ती मला बिलगलीच. "किती हळू पाणी घातलंस गं डोक्यावर. लग्नात का नाही घातलंस असं?"

मी किचनमधून हललेही नव्हते...

आज आठवडा झाला. तिचा नवरा फोन करकरून थकला, ही सासरी जायचं नाव काढत नाही. दिवसातून चार चार वेळा आंघोळ करते.

आत्ताही मोरीतच आहे. तासभर झाला.

मी दार वाजवलं. आतून हसण्याचा आवाज आला...

दोघींचा.