सोमवारी सबिनाला फोन

पेनाचं टोपण चावणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मृत्युंजयने पहिल्याच दिवशी माझं चावलं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या एसटीडी-आयएसडी बूथवर तेव्हा अप्पांच्या जागी मी बसायचे. २००२ सालची गोष्ट. तो ऑस्ट्रेलियाला फॅक्स करायला आला, माझं पेन मागितलं आणि नंबर आठवता आठवता टोपण दातांत धरलं.

"पावणं, ते खायचं न्हाय," मी म्हणाले.

त्याने टोपण शर्टाला पुसून परत दिलं... आणि हसला. ते हसू मी नको इतके दिवस लक्षात ठेवलं.

तो कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होता. कारखान्याला सोमवारी सुट्टी, म्हणून दर सोमवारी यायचा. मीही सोमवारचा गजरा माळायला लागले. शेजारच्या अक्काताईंनी विचारलंच, आज कुणाचं लगीन हाय म्हणून.

पण केबिनच्या काचेतून एकच नाव ऐकू यायचं. सबिना.

"रडू नको सबिना. मी हाय की हितं."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा न राहवून विचारलं, तेव्हा त्याने थोडंफार सांगितलं. सबिना मेलबर्नला असते. परत आली तर जिवाला धोका, म्हणून तिने तिकडे आश्रयाचा व्हिसा मागितला. तो नाकारला. त्यावर अपील केलं, तिथेही नकार. आता कोर्टात गेली होती. "पण ती तुमची कोण?" मी विचारलं. "कॉलेजात होती बरोबर," म्हणाला, आणि रस्त्याकडे बघायला लागला.

बरोबर होती म्हणे. त्या दिवशी मी त्याला सुट्टे पैसेसुद्धा हातात दिले नाहीत, काउंटरवर आपटले.

आणि त्याच आठवड्यात अक्काताई त्याचं स्थळ घेऊन आल्या. माझ्यासाठी! अप्पा खूश. घर चांगलं, मुलगा कमावता, आपल्यातलाच.

"एकीला फोनवर धीर द्यायचा आणि दुसरीला हळद लावायची?" मी म्हणाले. "नको म्हणावं."

मग आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासली. तो मला हवा होता, दुसरं काय. पण अर्धा नको होता.

पुढच्या सोमवारी तो येईल असं वाटलं नव्हतं. म्हणून गजराही माळला नव्हता. पण तो आला. माझ्याकडे न बघता बाकावर बसला. मेलबर्नच्या वकिलांचा फॅक्स आला, तो मी मुकाट्याने त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला आणि केबिनमध्ये शिरून नंबर लावला. दार उघडंच ठेवलं.

"वहिनी," तो मोठ्याने म्हणाला, "दादाला सांगा, आपुन जिंकलो."

बूथमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. मीही.

बाहेर आल्यावर त्याने सांगितलं. सबिना त्याच्या थोरल्या भावाची, शिवकुमारची बायको. लग्न केलं म्हणून दोन्ही घरांतून मारायच्या धमक्या आल्या, तेव्हा दोघं देश सोडून गेली. त्याच्या घरात दोघांचं नाव काढायची बंदी होती.

"नुसत्या नावानं कुणाला काय कळत न्हाय. पण हितं वहिनी म्हटलं असतं, तर दिवस मावळायच्या आत बाबांच्या कानावर गेलं असतं."

"मग आज कसं म्हणालात?"

"तुमचा निरोप अक्काताईंनी जसाच्या तसा सांगितला. सकाळी बाबांना सांगून टाकलं, मी वहिनीला फोन करतो म्हणून. बोलत न्हाईत... पण जेवले."

कोर्टाने व्हिसा दिला का, एवढंच विचारलं.

"न्हाय. कोर्ट व्हिसा देत न्हाय." तो माझं पेन हातात फिरवत होता. "अपिलात ज्या कागदावरनं नकार दिला, तो तिला दाखवलाच नव्हता. तिला विचारलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं, असा नकार चालत न्हाय, परत ऐकून घ्या."

त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हीबी मला विचारलं न्हाईसा, शांभवी."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. सबिना म्हणायचा त्यापेक्षा हळू म्हणाला. मी ते लगेच मोजून घेतलं.

"अक्काताईंना परत पाठवा," मी म्हणाले. "ऐकून घेईन. आणि येताना वहिनींचा फोटो आणा."

"कशाला?"

"किती देखण्या हाईत, बघायचं हाय मला."

तो हसला... आणि टोपण पुन्हा दातांत धरलं. या वेळी मी ओरडले नाही.