साकवापलीकडची खुर्ची

जिल्ह्याच्या पोलीस दलात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला फौजदार मी एकटाच, आणि मला त्याची थोडी मिजासही होती. म्हणूनच एकोणीसशे सत्त्याऐंशी साली खाजणगावच्या काजू सोसायटीचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. खाजणगाव आचऱ्याच्या पुढे, खाडीच्या आतल्या अंगाला. सोसायटीने मोठ्या हौसेने कॉम्प्युटर आणून सभासदांची नावं त्यात भरली होती. आता त्यांत कुणालाच माहीत नसलेली नावं येऊ लागली होती. पासवर्ड फक्त शुभदाला ठाऊक. ती तिथली ऑपरेटर. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे खोटे मतदार घुसवल्याची तक्रार चेअरमन भाईंनी तिच्यावरच ठोकली होती.

असल्या गुन्ह्याला तेव्हा कायद्यात वेगळं कलम नव्हतं. बनावट दस्तऐवजाचं कलम लावायचं ठरलं होतं. म्हणजे अटक, कोर्टाच्या फेऱ्या, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही.

गावात लॉज नव्हता, म्हणून मी उतरलो तो शुभदाच्याच घरी, तिची आई अक्का हिच्याकडे. नियमात हे बसत नव्हतं. शुभदा मला आवडायला लागली हे तर त्याहून बसत नव्हतं, पण ते इथेच सांगून टाकतो.

एकदा जेवताना मी ती नवी नावं मोठ्याने वाचली. काशीबाई हे नाव आलं तसा अक्काचा वाढता हात थांबला.

"ता नाव जेवताना घेव नको, फौजदारानू."

"ओळखीची होती का?"

"पळणीत गेलली. परत इली म्हणत." एवढं बोलून तिने आमटीचं भांडं झाकून ठेवलं.

पळण म्हणजे गावपळण. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस माडाच्या झापांच्या खोपटांत राहतं. त्या दिवसांत गाव माणसांचं नसतं, असं म्हणतात. यंदाची पळण मार्गशीर्षात होती आणि मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. गाव रिकामं असताना नवं नाव आलं, तर शुभदा सुटलीच की!

मी पुण्याहून कॅमेरा मागवला. खुर्चीच्या गादीखाली स्विच बसवला, त्याची तार कॅमेऱ्याला जोडली. खुर्चीवर कुणी बसलं की फोटो निघणार, आणि मागच्या भिंतीवरचं घड्याळ त्यात येणार, तारीख कॅमेरा स्वतःच कोपऱ्यात छापणार. शुभदाने स्वतः खुर्चीवर बसून-उठून सगळं तपासून दिलं. शटरचा आवाज आला की ती हसायची. मग कॉम्प्युटरचं मशीन चालू ठेवून मी कचेरीला कुलूप लावलं, वर लाखेचं सील केलं.

देवळातला नगारा वाजला आणि गाव निघालं. आमचं खोपट वहाळाच्या काठी होतं. वहाळावर सुपारीच्या खोडांचा साकव, आणि साकवापलीकडे माडांमधून सोसायटीची कौलं दिसायची. पहिल्या दिवशी गंमत वाटली. मग लक्षात आलं की पलीकडून कसलाच आवाज येत नाही. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भात उतरवताना शुभदाचा हात टोपाला लागला. मनगटावर चांगला चट्टा उठला. मी माझा निळ्या काठाचा रुमाल भिजवून त्यावर बांधला. बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. तिने हात मागे घेतला नाही.

जेवणं झाल्यावर ती भांडी घेऊन वहाळावर निघाली.

"गो, साकवार पाय घालू नको हां," अक्का म्हणाली.

"नाय गो आये." मग माझ्याकडे वळून हळूच, "मशीन बंद पडलं नसेल ना हो? वीज गेली तर सगळं फुकट जाईल."

"पडलं तर पडलं, तुम्ही नका काळजी करू," मी म्हणालो.

ती लवकरच परत आली. भांडी लख्ख घासलेली होती. हातावर रुमाल नव्हता.

"वाहून गेला," ती म्हणाली. मग आईकडे बघून, "अक्का, भांडी कुठे ठेवू?"

अक्काने मान वर केली. शुभदा तिला कधीच अक्का म्हणत नसे. आमचं कुत्रं उठून खोपटाच्या मागे गेलं. मला वाटलं, पोरगी खटल्याच्या धास्तीने बावचळली आहे. ती दारात सूप घेऊन बसली आणि तांदूळ निवडायला लागली. दिवस कलेपर्यंत ती तिथून हलली नाही. मी समोरच बसलो होतो, आणि तिच्यावरून माझी नजर काही निघत नव्हती.

चौथ्या दिवशी कौल मिळाला, गाव परतलं. भाई आणि पंचांसमोर मी सील तपासलं. लाखेला चरासुद्धा नव्हता. आत खुर्ची टेबलापासून मागे सरकलेली होती. मशीनमध्ये पळणीच्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेने एक नवं नाव होतं. शुभदाचं.

भाई घामाघूम झाले. शुभदा त्या दिवशी खोपटात होती हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं.

कॅमेऱ्यातला रोल संपलेला होता.

मालवणच्या स्टुडिओत तो धुऊन घेतला. स्टुडिओवाल्याने पाकीट देताना माझ्याकडे पाहिलं नाही. एस. टी. स्टँडवरच्या बाकावर बसून मी ते उघडलं.

खुर्चीत शुभदा होती.

मागे घड्याळात सव्वातीन. कोपऱ्यात तारीख दुसऱ्या दिवसाची. तिच्या मनगटावर माझा निळ्या काठाचा रुमाल.

सव्वातीनला ती माझ्यासमोर तांदूळ निवडत होती. फोटो माझ्या हातून निसटून बाकाखाली पडले. गोळा करताना मी ते एकेक पाहिले. ती टाइप करत नव्हती. ती उठत होती आणि पुन्हा बसत होती. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडे बघत होती, तोंड उघडं. फोटो निघावेत म्हणून रोल संपेपर्यंत ती उठत-बसत राहिली होती. खुर्चीखालचा स्विच आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

शेवटच्या फोटोत तिने रुमालाचा हात कॅमेऱ्यासमोर धरला होता. मला दिसावा म्हणून.

मी खाजणगावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शुभदा ओसरीवर केस विंचरत होती.

"आलात?" ती म्हणाली. "अक्का, चहा टाक."

तिची बाही वर सरकली होती. मनगट स्वच्छ होतं. चट्टा नाही, डाग नाही, काही नाही.

मला पळून जावंसं वाटलं. कसाबसा मागच्या दारी गेलो आणि फोटो अक्काच्या हातात दिले. ती रडली नाही. शेवटच्या फोटोतल्या रुमालावर तिने अंगठा फिरवला.

"माका त्याच दिसा कळला," ती एवढंच म्हणाली.

मग तिने कोकमतेलाचा गोळा चुलीवर वितळवला, करवंटीत ओतला आणि वहाळाच्या बाजूच्या पायरीवर नेऊन ठेवला.

"हात जळत आसतलो गो बायेचो," ती माडांकडे बघून म्हणाली.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी मागचं दार उघडलं. करवंटी होती तिथेच होती. तेल गोठून पांढरं झालं होतं, आणि त्यात चार बोटं फिरल्याच्या खुणा होत्या.