झोळी हलत होती

"माझी लेक पोरीला टाकून मरायची न्हाय," बनाबाई म्हणाल्या. समोरच्या चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

स्वरूपा जगदाळेचं बारामतीतलं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. कामं खाजगी चौकशीची. लग्नाआधीची, विम्याची, क्वचित अशी. मावसभाऊ विशाल गाडी चालवायचा आणि शंका काढायचा. बहुतेक चुकीच्या.

बनाबाई पिंपळीच्या. मुलगी सोनल बावड्याला दिलेली. ती घरूनच बारामतीच्या एका कंपनीचं काम करायची. ऑनलाइन दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लॅपटॉपवर लेखी उत्तरं द्यायची. गेल्या सोमवारी संध्याकाळी ती घरामागच्या शेततळ्यात मेलेली सापडली. सकाळीच साहेबानं ग्रुपवर सगळ्यांदेखत झापलं होतं, म्हणून आत्महत्या, असं पोलिसांचं म्हणणं पडलं.

"तिची मुलगी कुठं आहे?"

"तितंच, सासूपाशी. जीव दिलेल्या बाईच्या म्हायेरी पोर द्यायची न्हाय म्हणत्यात. ओवी अजून रांगती बी न्हाय वो." त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि सोडला. "ताई, लेकीनं जीव दिला आसंल तर तसं सांगा, मी गप बसते. दिला नसंल, तर ते पोर त्या घरात एक रात बी नगं."

कंपनीचा मॅनेजर ऋषिराज तरुण होता, आणि बोलायला हौशी. त्याच्या भिंतीवरच्या पडद्यावर नावं होती, प्रत्येक नावापुढं एक ठिपका.

"हिरवा म्हणजे माणूस कामावर. माऊस काही वेळ हलला नाही की लाल. घरी बसवून पगार देतो मॅडम, लक्ष नको ठेवायला? बायका कामाच्या वेळेत मेथी निवडतात."

"कॅमेरा नाही?"

"आहे ना. सोनल मॅडमनी त्याच्यावर टिकली चिकटवलेली. मी ग्रुपवर विचारलं, तोंड दाखवायला लाज वाटते, का तोंडच तसं आहे?" तो हसला. विशालही सवयीनं हसला आणि स्वरूपाकडं बघून थांबला.

"सोमवारी काय झालं?"

"पोरीला डोस द्यायचाय म्हणून तासभराची सुट्टी मागत होती. नाही म्हटलं. मग साडेअकरापर्यंत ठिपका हिरवा. पण गंमत बघा, नऊनंतर एकाही गिऱ्हाइकाला उत्तर नाही. माऊस हलतोय, अक्षर एक नाही! माझ्या तेव्हाच लक्षात आलं, बाई जागेवर नाही."

"मग फोन केलात?"

"मुद्दाम नाही केला. म्हटलं, भरू दे घडा. काढायला पुरावा लागतो ना."

"काढायचं होतं?"

"पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना ऑफिसात बोलावलंय. ती तयार झाली. इथं खोलीसुद्धा बघितली, पोरीला घेऊन राहणार म्हणाली. मला तान्ह्या पोरांच्या आया नकोत, मॅडम. आज ताप, उद्या जुलाब."

जिना उतरताना विशाल म्हणाला, "यानंच मारली."

"नुसत्या बोलण्यानं मेली असती, तर मग माऊस कोण हलवत होतं?" स्वरूपा म्हणाली. "चल बावड्याला."

सोनलची शेजारीण रेश्मा आधी त्याच कंपनीत होती. काखेतल्या पोराचं नाक पुसत ती बोलत होती.

"ती युक्ती मीच शिकवलेली. माऊसला सुतळी बांधायची, तिचं दुसरं टोक झोळीला. झोळी हलली की माऊस हलतो. पोर बी गप, सायेब बी गप. सोनल भाकरी थापायला उठली की तिच्या सासू, लीलाआत्या, झोळीला झोका देत बसायच्या."

"सोमवारी?"

"तिला सुट्टी दिली न्हाय, म्हणून आमच्या बारक्यासंगं ओवीला मीच अंगणवाडीत नेली. सोनल कामाला बसली हुती तवा. डोस दिऊन साडेअकराला आलो, तर आत्या पिशवी घिऊन दारातच. 'सोनल कामात हाय, हाक मारू नगंस' म्हणाल्या, ओवीला घेतली आन माझ्यासंगंच यष्टी स्टँडला आल्या. इंदापूरला भैनीकडं गेल्या."

"सोनल बारामतीला राहायला जाणार होती, हे सासूला माहीत होतं?"

"आदल्या सांजचं सांगितलं की तिनं. आत्या जेवल्या न्हाईत त्या रातीला."

सोनलचा नवरा अविराज ओट्यावर बसला होता. सोमवारी तो पहाटेच पेरू घेऊन इंदापूरच्या बाजारात गेला होता. दिवसभर तिथंच, दहा जणांनी बघितलेलं.

"भांडण झालं व्हतं आमचं," तो खाली बघत म्हणाला. "मी म्हनलं, सोड नोकरी. ती म्हनली, न्हाय."

लीलाबाई ओवीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. पोर गुबगुबीत, काजळ रेखलेलं, कपडे धुतलेले. तिची मूठ आजीच्या बोरमाळेत अडकली होती.

"म्या निघाले तवा सोनल आत कामावर हुती. ती बारामतीला जाणार हे मला कुणी सांगितलं न्हाय. म्हाताऱ्या माणसाला कोन सांगतंय?"

आतल्या खोलीत लॅपटॉप तसाच होता, कॅमेऱ्यावर लाल टिकली. माऊसची सुतळी शेजारच्या झोळीपर्यंत गेलेली. विशालनं रिकाम्या झोळीला सहज झोका दिला. लीलाबाईंनी फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"रिकामी झोळी हलवतोस? पोरीचं पोट दुखंल की! आईनं काय शिकवलं का न्हाय?"

विशाल ओशाळून वाकला. झोळीच्या तळाशी तांबूस, तेलकट डाग होता. त्यानं वास घेतला. "लसूण-मिरची! एवढ्याशा पोरीला चटणी चारता का काय, आजी?"

लीलाबाई ओवीला घेऊन मागच्या दाराकडं वळल्या.

मागच्या दारी पाटा-वरवंटा. त्यापलीकडं धुणं वाळत घातलेलं. पुढं शेततळं, काळ्या गुळगुळीत प्लास्टिकनं मढवलेलं. माणूस आत घसरला तर वर यायला एक दोर हवाच. काठावर खुंटी होती, दोर नव्हता.

"कुजला म्हणून टाकला," लीलाबाई दारातून म्हणाल्या.

स्वरूपानं विशालला तळ्याकाठी थांबवलं आणि स्वतः झोळीपाशी जाऊन बसली. त्यानं मारलेली हाक तिला स्पष्ट ऐकू आली.

परतताना विशाल म्हणाला, "काय एकेक माणसं! धुणं वाळत घालायच्या दोरीला हात-हातावर गाठी कोण मारतं?"

स्वरूपानं त्याच्याकडं बघितलं. "तुझी ही पहिली बरोबर शंका."

दुसऱ्या दिवशी सकाळी झोळीच्या त्याच खोलीत इंदापूरचे फौजदार, बनाबाई, अविराज, रेश्मा आणि लीलाबाई होत्या. ओवी लीलाबाईंच्या मांडीवर जागी होती.

"नऊला सोनलचं लिहिणं थांबलं," स्वरूपा म्हणाली. "म्हणजे नऊला ती उठली. ठिपका मात्र साडेअकरापर्यंत हिरवा राहिला, म्हणजे माऊस हलत होता. सोनल परत आली असती तर तिनं उत्तरं लिहिली असती. तिला जागेवर दाखवायची गरज दुसऱ्याच कुणाला तरी होती, आपण निघेपर्यंत ती जिवंत होती असं भासवायला. कॅमेऱ्यावर टिकली. दिसायची भीतीच नाही."

"माऊस हातानंही हलवता येतो," फौजदार म्हणाले.

"तुम्हाला येतो. हलवणाऱ्याला एकच रीत माहीत होती, झोळीची. पण ओवी अंगणवाडीत होती. झोळी रिकामी." ती विशालकडं वळली. "तू काय केलंस काल?"

"दिला झोका तसाच."

"अविराजनंही तसाच दिला असता, आणि तो तर बाजारात होता. रिकामी झोळी हलवायला ज्याचा हात धजेना, त्यानं बारशाला करतात तेच केलं. झोळीत वरवंटा ठेवला. सकाळचं वाटण पुरतं धुतलं गेलं नव्हतं. तो डाग लहान पोरीचा नाही."

अविराज सावकाश आईकडं वळला.

"सोनलला कशासाठी तरी तळ्यात उतरवलं. दोर धरूनच ती उतरली. मग दोर वर ओढला. तो कुजलेला नाही. त्यावर धुणं वाळतंय, गाठींसकट, आणि अर्धा अजून शेवाळानं हिरवा आहे." स्वरूपा थांबली. "पंचनाम्यात लिहिलंय, सोनलची नखं उलटली होती. ती लगेच बुडाली नाही. इथं बसलं की तळ्यावरची हाक ऐकू येते."

"आये?" अविराज म्हणाला.

लीलाबाई ओवीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"तळ्यातल्या मोटरीच्या पायपाला, फुटबॉलला, गवत अडकलंय म्हनलं, काढ. उतरली. आत्या, दोर टाका म्हनली." त्यांचा आवाज सपाट होता. "पोर घिऊन जानार व्हती. खोलीत कोंडून ठिवणार, आन ही त्या डब्यापुढं बसणार. मी काय करायचं मग हितं? लई येळ वरडली. झोळी हलवत हुते, म्हनून कमी ऐकू आलं."

"त्या सायबाला कळलं हुतं का, ती जागेवर न्हाय म्हणून?" रेश्मानं हळूच विचारलं.

"नऊलाच. त्यानं इथं एक फोन लावला असता, किंवा तुला सांगितलं असतं, तर तू धावली असतीस. तो पुरावा जमवत होता." स्वरूपा फौजदारांना म्हणाली, "त्याच्यावर कलम नाही, ठाऊक आहे मला."

बनाबाईंनी हात पुढं केले. ओवी त्यांच्याकडं बघून किंचाळली. तिनं आजीची बोरमाळ दोन्ही मुठींत धरली. एकेक बोट सोडवावं लागलं, तेही लीलाबाईंनाच. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नव्हती.

पोलिसांच्या गाडीत चढताना लीलाबाई वळल्या. अविराजकडं नाही, बनाबाईंकडं.

"झोळीबिगार निजायची न्हाय ती. झोळी न्या. पर रिकामी नेऊ नगा, आत कायतरी घाला."

गाडी गेली. ओवी रडून लाल झाली होती, हात रस्त्याकडं करून. बनाबाईंनी आत जाऊन आढ्याची झोळी सोडली, घडी घातली आणि तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या मागच्या दारी गेल्या. वरवंट्यापाशी क्षणभर थांबल्या, आणि कोपऱ्यातल्या कणगीतलं ओंजळभर धान्य काढून त्यांनी झोळीत टाकलं.